तोडणकर काकांनी काढलेलं जॅकेट

मागच्या महिन्यात लेकीच्या शाळेनं जॉर्जियाच्या बर्फातल्या सहलीसाठी सामानाची यादी पाठवली. लोकरीचे मोजे, हातमोजे, कानटोपी, आणि तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ: अंगालगत सुती कपडे घालू नयेत. सान्वीनं यादी वाचली आणि म्हणाली, "व्हाय नॉट कॉटन, मम्मा? कॉटन इज सो कम्फर्टेबल."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तोडणकर काका आठवले. त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, काकांनीच मला ते दिलं होतं. पण त्या उत्तराच्या आजूबाजूचं बरंच काही मला आजही कळलेलं नाही. तेव्हा हे जे लिहितेय त्यातून काकांचं पूर्ण चित्र उभं राहील अशी माझी खात्री नाही.

वसंत तोडणकर आमच्या कंपनीच्या कोल्ड स्टोअरचे सुपरवायझर होते. आमचा धंदा गोठवलेले मासे आणि मटण आयात करण्याचा. ऑफिस दुबईच्या देरा भागात, कोल्ड स्टोअर तिथून अर्ध्या तासावर, गोदामांच्या वस्तीत. मी कागदपत्रांचं काम बघायचे, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तिकडे जावं लागे. काका मूळचे रत्नागिरीकडचे. दुबईत आले तेव्हा त्यांनी मिशी नुकतीच राखायला सुरुवात केली होती, असं ते सांगत. मी पाहिलं तेव्हा ती मिशी चांगली झुपकेदार आणि अर्धी पांढरी होती.

मोठ्या फ्रीझरचं तापमान उणे पंचवीस. बाहेर जुलैत पंचेचाळीस. काकांनी वीस वर्षं या दोन आकड्यांमधून दिवसातून तीस वेळा ये-जा केली. आत जायच्या आधी प्रत्येक माणसाला ते दारात उभं करत आणि पायापासून डोक्यापर्यंत बघत. बुटाची नाडी घट्ट असेल तर स्वतः वाकून सैल करत. म्हणत, "पाय आवळलास की रक्त खाली जात नाही. मग बोटं माझ्याकडे मागू नकोस." चाळीस मिनिटं झाली की दार उघडून ते प्रत्येकाला नावानं हाक मारत आणि त्याच्याकडून त्याच्या गावाचं नाव वदवून घेत. ज्याची जीभ अडखळली त्याला लगेच बाहेर. मग तो केरळचा असो, बिहारचा असो की आमच्या सिंधुदुर्गातला.

आत लावलेल्या डिजिटल मीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. दोनदा तो बिघडला होता आणि दोन्ही वेळा कंपनीच्या माणसाआधी काकांना ते कळलं होतं. नाकातून एकच श्वास घेऊन ते सांगत, "तीन डिग्रीनं चढलंय." मी एकदा विचारलं, "काका, कसं कळतं तुम्हाला?"

"अंग सांगतं मॅडम. मशीन खोटं बोलेल, अंग बोलत नाही."

हे वाक्य ते इतक्यांदा बोलत, की गोदामातली पोरं त्यांच्यामागे त्याची नक्कल करत. काकांना ते माहीत होतं. ते चिडत नसत.

आमचे मालक, ज्यांना गोदामातले सगळे अरबाब म्हणत, ते साठीच्या पुढचे एमिराती गृहस्थ. शांत, कमी बोलणारे, जुन्या पिढीतल्या लोकांसारखं छान हिंदी बोलणारे. त्यांना शिकारीचा नाद होता. तरुणपणी ससाणे सोडून केलेली शिकार, पुढे आफ्रिका, आणि मग त्यांच्या मनात आलं कॅनडाच्या उत्तरेला जाऊन कॅरिबू मारायचं. कॅरिबू म्हणजे रेनडिअरच्या जातीचं मोठं शिंगाळं हरीण. तिकडच्या एका शिकारी कंपनीकडून परवाना आणि वाटाड्या ठरला. सोबत एक मदतनीस नेता येणार होता.

अरबाब गोदामात आले आणि म्हणाले, "तोडणकर, तुम चलो. तुमको ठंड मालूम है."

काकांनी आयुष्यात बर्फ पडताना पाहिला नव्हता. ते म्हणाले, "जी अरबाब."

पुढचे दोन महिने गोदामात खोकी येत राहिली. काका प्रत्येक खोकं उघडून वस्तू हातात घेऊन बघत, वास घेत, ओढून बघत. लोकरीचे पातळ आतले कपडे, त्यावर घालायचे जाड, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. हातमोज्यांचे दोन जोड, पातळ आत आणि चार बोटं एकत्र असलेले जाड वरून, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. "दोरी कशाला? लहान पोरांना असते तशी," मी विचारलं. काकांनाही तेव्हा सांगता आलं नाही.

मग अरबाबनी ठरवलं की एकदा चाचणी घेऊ. एका सकाळी मी सहीचे कागद घेऊन गेले तर दोघंही फ्रीझरच्या आत, सगळं अंगावर चढवून, माशांच्या खोक्यांवर शेजारी शेजारी बसलेले. काकांनी माझ्या अंगावर एक जाड कोट टाकला आणि मला आत घेतलं. अरबाबनी तो जाड हातमोजा न काढता सही करायचा प्रयत्न केला. सही थेट कागदाबाहेर गेली. ते हसले. काकाही हसले. एक तास बसून दोघं बाहेर आले तेव्हा काका म्हणाले, "फर्स्ट क्लास. इथं जमलं म्हणजे तिथंही जमेल." मालक आणि नोकर इतके मोकळे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

निघायच्या आदल्या दिवशी काका ऑफिसात आले आणि मी त्यांना ओळखलंच नाही. मिशी काढली होती. वाटाड्यानं कळवलं होतं की श्वासाची वाफ केसांवर गोठते आणि ओठ सोलवटतात. "बायकोला व्हिडिओ कॉल केला," काका म्हणाले, "तिनं फोन सासूबाईंच्या हातात दिला. म्हणाली, कोण आहे बघा."

ते तीन आठवड्यांनी परत आले. शिकार झाली होती, एवढं कळलं. अरबाब ऑफिसात आले नाहीत. काका आले, पण ते वेगळेच होते.

आधी वाटलं प्रवासाचा शीण असेल. सामानाबद्दल ते भरभरून बोलत. बंदूक गरम तंबूत आणायची नाही, तिला घाम सुटतो आणि बाहेर नेली की तोच घाम गोठून खटका अडकतो. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, बर्फ वरून धरतो, म्हणजे बुचाकडचं पाणी पातळ राहतं. कॅमेऱ्याची बॅटरी काखेत ठेवायची. दोन मोजे घालू नयेत, एकच जाड घालावा. जनावर पडलं की लगेच सोलायचं, गोठल्यावर कातडं निघत नाही. आणि हातमोज्याला दोरी लागतेच, कारण वाऱ्यात उडालेला हातमोजा पुन्हा मिळत नाही. हे सगळं ते मन लावून सांगत. "आणि तिकडे कसं होतं, काका?" असं विचारलं की मात्र पुन्हा मोज्यांकडे वळत. एकदाच म्हणाले, "फ्रीझरला दार असतं मॅडम. हे आधी कळायला हवं होतं."

फ्रीझरच्या आत जाणं त्यांनी कमी केलं. दारात उभं राहून ते पोरांनाच विचारू लागले, "आत गार आहे ना रे? रोजच्यासारखंच?" पोरांना वाटायचं काका परीक्षा घेतायत. कुणी मुद्दाम उलट सांगायचं, तर काका खरंच गोंधळून जायचे. मीटरकडे बघायचे, पुन्हा पोराकडे बघायचे. जानेवारीतल्या एका सकाळी ऑफिसात त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला थंडी वाजतेय?" मी म्हटलं, थोडीशी. त्यांनी मान हलवली आणि पिशवीतून स्वेटर काढून घातला.

महिन्याभरात त्यांना गोदामातून काढून देऱ्याच्या ऑफिसात खुर्ची दिली गेली. काम फारसं काही नव्हतं. हा सन्मान होता की शिक्षा, ते कुणालाच कळेना. अकाउंट्सवाले म्हणत, तिकडे काहीतरी बिनसलं. ड्रायव्हर म्हणे, अरबाब काकांचं नाव काढलं की विषय बदलतात. आणखी एक बातमी त्यानंच आणली. अरबाबनी बंदुका विकल्या. शिकार खलास.

त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळानं दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका हॉलमध्ये शुक्रवारी दुपारी कार्यक्रम ठेवला होता. कुणीतरी सुचवलं की तोडणकरांना बोलवा, बर्फातले अनुभव ऐकू. त्यांना तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं ते नाही म्हणतील. ते म्हणाले, "सामान आणू का?"

ते दोन मोठ्या बॅगा घेऊन आले. टेबलावर पांढरी चादर अंथरून त्यांनी सगळं ओळीनं मांडलं. आधी आतले कपडे, मग वरचे, मग बूट. लोक खूश झाले. मुलं हातमोजे घालून बघायला धावली. काकांनी तासभर छान सांगितलं. शेवटी पुण्याचे एक गृहस्थ उठून म्हणाले, "हे सगळं ठीक, पण सगळ्यात मोठा धडा कुठला, ते सांगा."

काकांनी टेबलावरचं जॅकेट उचललं, घडी केली, पुन्हा उलगडलं. मग म्हणाले, "हे मी काढलं होतं. उणे तीसमध्ये. वारा सुटलेला, आणि मी बसल्या जागी हे काढून, घडी करून बाजूला ठेवलं. मला उकडत होतं."

हॉलमध्ये हशा पिकला. लोकांना वाटलं दुबईकराचा विनोद आहे. काहींनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. काका हातात जॅकेट घेऊन उभे होते आणि लोक का हसतायत ते त्यांना कळत नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण हसू आवरायला मला उशीर झाला.

सान्वी तेव्हा सात वर्षांची. ती पहिल्या रांगेत खाली बसली होती. तिनं विचारलं, "डिड इट हर्ट?"

काका तिच्यासमोर खाली बसले. "नाही बाळा. छान वाटत होतं. फार छान."

परतताना मी त्यांना देऱ्यापर्यंत गाडीनं सोडलं. मागच्या सीटवर सान्वी झोपली होती. ट्रॅफिक इतका की गाडी हलत नव्हती. मी म्हटलं, "काका, सॉरी. मी हसायला नको होतं."

"त्यांना काय माहीत," ते म्हणाले, आणि मग सांगू लागले.

शिकार झाली त्या दिवशी दुपारी ते तिघं होते. अरबाब, काका आणि वाटाड्या रॉय. हरीण एका उतारावर पडलं होतं. रॉयनं ते कापलं आणि काकांनी त्याचे मांसाचे तुकडे पाठीवरून वर आणले, जिथं बर्फावर चालणारी स्कूटर उभी होती. तीन खेपा. रॉय सारखा बजावत होता, हळू चल, घाम येऊ देऊ नको, गरम वाटलं की थांबून एक कपडा उतरव. काकांना वाटलं, मला काय शिकवतो. मग अरबाबची बोटं बधिर झाली. स्कूटरवर दोनच माणसं बसत. काका म्हणाले, "आप जाओ. मैं रुकता हूँ गोश्त के पास. मेरे को ठंड की आदत है." रॉय नको म्हणत होता. तंबू अर्ध्या तासावर होता. अरबाबनी काकांकडे पाहिलं आणि रॉयला म्हणाले, हा सांगतोय तर ठीक आहे.

"ते गेले आणि वारा सुटला," काका म्हणाले. "बर्फ खालून वर उडायला लागला. हात पुढे केला तर हात दिसेना. रॉय वाट चुकला. तास गेला, दोन गेले. मी कुडकुडत होतो. मग कुडकुडणं थांबलं. मला वाटलं, चला, अंगानं जमवून घेतलं. आणि मग उकडायला लागलं. मॅडम, तुम्हाला खोटं वाटेल, मला वाटलं मी आमच्या गोदामाच्या बाहेर उभा आहे, जुलैत."

रॉय तिसऱ्या तासाला पोचला, तेव्हा काका नुसत्या शर्टात बसले होते आणि त्याला हसून सलाम करत होते. गावाचं नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, असं ते म्हणाले. रॉयनं त्यांना गुंडाळून तंबूत नेलं. तिथं अरबाबनी त्यांचे कपडे बदलले, त्यांना झोपायच्या पिशवीत घातलं, कुशीला गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, आणि काकांचे दोन्ही पाय स्वतःच्या उघड्या पोटाला लावून सकाळपर्यंत बसून राहिले. नंतर तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की माणूस अगदी शेवटापर्यंत गारठला की कधीकधी त्याला असं गरम वाटतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर संपलंच होतं.

"ज्यांच्या पोटावर माझे पाय होते," काका म्हणाले, "त्यांना मी सकाळी गुड मॉर्निंग कसं म्हणणार? त्यांनाही माझ्याकडे बघता येईना. विमानात अठरा तास शेजारी बसलो. दोघांनी सिनेमे बघितले."

गाडी थोडी पुढे सरकली. मग ते म्हणाले, "अजून एक आहे. हे कुणाला सांगितलेलं नाही."

लोकरीचे आतले कपडे त्यांना टोचत. म्हणून खाली त्यांनी आपलं नेहमीचं सुती बनियान घातलं होतं. फ्रीझरमध्ये वीस वर्षं घालत आले होते, तिथं काही बिघडलं नव्हतं. रॉयनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अंगाला सुती नको, ते घाम पिऊन ओलं राहतं आणि मग तेच अंग गोठवतं. काकांनी मान हलवली होती आणि रोज सकाळी ते लपवून घातलं होतं. तीन खेपांच्या घामानं ते भिजलं, आणि बसल्यावर छातीला थंडगार चिकटलं.

"अरबाबना वाटतं चूक त्यांची. मला एकट्याला ठेवून गेले म्हणून. त्यांनी शिकार सोडली, बंदुका विकल्या. मी बनियानचं बोललो नाही. आधी लाज वाटली. आता इतके दिवस झाले की सांगायचं कसं तेच कळत नाही. सांगू का मी?"

मी म्हटलं, "सांगा काका." लगेच वाटलं, मी कोण सांगणार. सांगून त्यांची नोकरी गेली तर? मी म्हटलं, "नाहीतर थोडं थांबा." मग मलाच कळेना मी काय म्हणतेय. काका माझ्याकडे बघत राहिले. ज्या माणसाचा शब्द ऐकून वीस वर्षं माणसं फ्रीझरच्या आत-बाहेर झाली, तो माझ्याकडून उत्तर मागत होता आणि माझ्याकडे दोन उत्तरं होती.

दहा-बारा दिवसांनी त्यांनी मला ऑफिसच्या पँट्रीत गाठलं. "जाऊन आलो," म्हणाले. अरबाबच्या घरी, बैठकीच्या खोलीत. बाकीचे लोक उठेपर्यंत बसून राहिले आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. बनियान, लपवणं, सगळं.

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, मालूम है. तुम्हारा कपडा किसने बदला? मैंने बदला ना."

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. ओलं बनियान अरबाबनी स्वतःच्या हातानं कापून काढलं होतं.

"मग शिकार का सोडली?" मी विचारलं.

"तेच मी विचारलं. म्हटलं, अरबाब, गलती मेरी थी, आप बंदूक क्यों बेचा? तर म्हणाले, वो अलग बात है. मग अरबीत काहीतरी बोलले. बराच वेळ. मला अरबी येतं ते गोदामापुरतं. त्यात माझं नाव दोनदा आलं. शेवटी इन्शाल्ला म्हणाले आणि खजूर पुढे केला. मी खाल्ला आणि आलो."

"पुन्हा विचारायचं होतं हिंदीत."

"त्यांचे डोळे भरले होते मॅडम. कसं विचारणार?" काकांनी चहाचा कप धुऊन पालथा घातला. "आता मला हेही कळत नाही की मी सांगितलं ते बरं झालं की वाईट. तुम्हाला काय वाटतं?"

त्यांना मोकळं वाटत असावं असं मी धरून चालले होते. तसं काही दिसलं नाही. दुःखीही दिसले नाहीत. दोन वेगवेगळ्या चाव्या हातात असाव्यात आणि कुलूप एकच असावं, तसा त्यांचा चेहरा होता.

काकांनी त्याच वर्षी नोकरी सोडली. कंपनीनं जाऊ नका म्हटलं, अरबाबनी निरोप पाठवला की राहा. काका म्हणाले, गावी आंब्याची कलमं बघायची आहेत. निरोपसमारंभ झाला, केक कापला. अरबाब आले नाहीत. नेहमीप्रमाणे कुणी एक अर्थ काढला, कुणी दुसरा.

त्यानंतर दोनच दिवसांनी मी बँकेच्या कामाला सकाळी खाडीपलीकडे निघाले होते. धक्क्यावर पोचले, तर बाकावर काका बसलेले. पांढरा शर्ट, मिशी पुन्हा आलेली. शेजारी अरबाब, अंगात कंदुरा म्हणजे लांब पांढरा अरबी झगा, पायात साध्या चपला. दोघांच्या हातात कडक चहाचे कागदी कप. आसपास ना ड्रायव्हर, ना गाडी.

मी जवळ जायला पाऊल उचललं आणि थांबले. दोघं पाण्याकडे बघत होते. समोर लाकडी होडी लागली, माणसं उतरली, चढली, होडी गेली. ते उठले नाहीत. दुसरी आली. अरबाबनी आपला रिकामा कप काकांच्या रिकाम्या कपात घातला. काकांनी ते दोन्ही कप तसेच हातात धरून ठेवले. दुसरीही गेली. पलीकडे जाण्यासाठी थांबले होते की नुसतेच बसले होते, ते मला कळेना. मला उशीर होत होता. तिसऱ्या होडीत मी चढले आणि फळीवर मागे तोंड करून बसले. खाडीच्या मध्यावर गेलो तेव्हा चौथी होडी धक्क्याला लागत होती आणि बाकावर दोघंही होते.